नवीन असेंबल केलेला पीसी: विंडोज टाकताना अडकलोय. दुकानात न्यावा की घरीच शोधावं?

चिंचबन

लेक यंदा आर्किटेक्चरला गेली. तिच्या कामासाठी आम्ही दोघींनी घरीच पीसी जोडला. सुटे भाग पुण्यातून आणले, आम्ही राहतो साताऱ्यात. पंखे फिरतात, बायोसचा (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगचा) स्क्रीन येतो, प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं तिथे नीट दिसतं. विंडोज ११ टाकायला घेतलं की मात्र "कुठे टाकायचं" विचारणाऱ्या पानावर यादी रिकामी. एकही ड्राइव्ह नाही.

सामान असं आहे: इंटेल कोअर आय-५ १४४००, डीडीआर-५ रॅम १६ जीबीच्या दोन स्टिक (लेबलवर वेग ६०००), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेऊ, सध्या मॉनिटर मदरबोर्डाच्याच एचडीएमआयला जोडलाय. पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या टूलने ऑफिसच्या लॅपटॉपवर तयार केला.

दुकानदार फोनवर म्हणाले, "एसएसडी डेड असेल, सगळं घेऊन या, सॉफ्टवेअरही टाकून देतो." सगळं खोक्यात भरून एसटीने पुण्याला न्यायचं म्हणजे दिवस जाणार, शिवाय काचेचं कॅबिनेट. आणि लेकीला हे स्वतः समजून घ्यायचंय. घरी काय काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने, हे कुणी सांगेल का?

लोकलवाला

एसएसडी डेड असती तर बायोसमध्येही दिसली नसती. पुण्याला जायची घाई नको. बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं काही चालू आहे का ते बघा.

खटपट्या

लोकलवाला यांना +१. थोडं विस्ताराने सांगतो, कारण ११व्या पिढीपासूनच्या इंटेल मशीनवर ही अडचण फार जणांना येते आणि कित्येकांच्या धडधाकट एसएसडी बदलायला जातात.

व्हीएमडी म्हणजे व्हॉल्यूम मॅनेजमेंट डिव्हाइस. ते चालू असलं की एसएसडी थेट विंडोजसमोर येत नाही, इंटेलच्या कंट्रोलरमागे राहते. त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर बहुधा नसतो, म्हणून यादी रिकामी. बायोसला तो ड्रायव्हर लागत नाही, म्हणून तिथे एसएसडी दिसते.

उपाय दोन. एक, बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. दुसरा, इंटेलचा रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर बोर्डाच्या साइटवरून घेऊन, फोल्डर मोकळं करून पेनड्राइव्हवर ठेवायचं आणि त्याच पानावरच्या "लोड ड्रायव्हर"ने द्यायचं. तुम्हाला रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणं) करायचं नाहीये, एकच एसएसडी आहे, त्यामुळे पहिला उपाय पुरे.

एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. जे ठरवाल ते विंडोज टाकायच्या आधी ठरवा. नंतर ही सेटिंग उलटी केली तर विंडोजला स्वतःचीच ड्राइव्ह सापडत नाही आणि निळा स्क्रीन येतो.

खात्री हवी असेल तर पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) घेऊन "ट्राय" करून बघा. लिनक्सच्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आधीच असतो. तिथे एसएसडी दिसली आणि विंडोजच्या सेटअपला नाही दिसली, तर वस्तू चांगली आहे, अडलंय ते ड्रायव्हरवर.

कोकणकडा

मी व्हीएमडी बंद न करता ड्रायव्हर द्यायच्या मताचा आहे. कंपनीने चालू ठेवलंय तर काही कारण असेल ना?

खटपट्या

कोकणकडा, लॅपटॉपवर तुमचं म्हणणं बरोबर. तिथे बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेशी त्याचा संबंध असतो. एका एसएसडीच्या डेस्कटॉपला त्यातून काही मिळत नाही, आणि पुढे दुसरं काही टाकायचं झालं की पुन्हा तोच ड्रायव्हर शोधत बसावं लागतं.

पाटावरवंटा

जुन्या पीसीतली हार्ड डिस्क या कॅबिनेटमध्ये जोडली असेल तर विंडोज बसेपर्यंत तिची वायर काढून ठेवा. दोन ड्राइव्ह असल्या की विंडोज स्वतः नवीन एसएसडीवर बसतं, पण बूटचं छोटं ईएफआय पार्टिशन कधीकधी जुन्या डिस्कवर ठेवतं. वर्षभराने ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही. शिवाय चुकून जुने फोटो असलेली ड्राइव्ह फॉरमॅट होण्याची भीती राहत नाही.

चिंचबन

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हीएमडी चालू होतं. बंद केलं आणि यादीत एसएसडी आली! जुनी डिस्क लावलेलीच नव्हती.

पण पुढे नवीनच सुरू झालं. फाइली कॉपी होताना मध्येच थांबतं आणि म्हणतं, "लागणाऱ्या फाइली खराब आहेत किंवा सापडत नाहीत." कोड शून्य-एक्स-८००७०५७०. पहिल्यांदा वीस टक्क्यांच्या आसपास आलं, मग पुन्हा केलं तर साठच्या पुढे. दर वेळी वेगळ्या जागी.

आणखी एक, याचा संबंध आहे का माहीत नाही: कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

अर्धविराम

१४वी पिढी ना? मग प्रोसेसरच परत करा. १३व्या-१४व्या पिढीचे इंटेल खराब होतात हे जगजाहीर आहे, इंटेलने स्वतः मान्य केलंय.

सूक्ष्मदर्शक

अर्धविराम, अर्धी गोष्ट बरोबर आहे. उरलेली अर्धी सांगितली नाही तर ताई उगाच प्रोसेसर उचकटतील.

त्या प्रकरणात प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे कालांतराने त्याची झीज होत होती. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ या क्रमांकाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर, बायोस अपडेटमधून येतं) दिला, सप्टेंबरमध्ये आणखी एक दिला आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. पण ती यादी आय-५ १३६००के, १४६००के यांच्यापासून वरच्यांची आहे. १४४०० त्यात नाही. आणि ती झीज वापरून वापरून होते, काल खोक्यातून काढलेल्या प्रोसेसरवर पहिला संशय घ्यायचं कारण नाही.

आता मूळ कोडकडे येऊ. ८००७०५७० म्हणजे "वाचलेली फाइल खराब निघाली". ती तीन ठिकाणी खराब होऊ शकते: पेनड्राइव्हवर मुळातच, वाचताना यूएसबीच्या वाटेत, किंवा रॅममध्ये उलगडताना. विंडोजची मुख्य फाइल काही जीबींची, दाबून भरलेली असते. सेटअप ती रॅममध्ये उलगडतो आणि प्रत्येक तुकडा पडताळून बघतो. एक बिट जरी पालटला तरी पडताळणी फसते आणि हाच निरोप येतो.

म्हणून सगळ्यात उपयोगी निरीक्षण तुम्ही आधीच नोंदवलंय: दर वेळी वेगळी जागा. त्याच टक्क्यावर अडत असतं तर मी पेनड्राइव्हवरच्या फाइलवर बोट ठेवलं असतं. जागा बदलते तेव्हा माझा पहिला संशय रॅमवर, आणि त्यातही एक्सएमपीवर, म्हणजे रॅमला लेबलवरच्या जादा वेगाने चालवणाऱ्या बायोसच्या सेटिंगवर. बायोसमध्ये रॅम किती वेगाने चाललीय ते सांगाल का?

हिरवा_चाफा

मी असं करते: सीमॉस क्लिअर (बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणणं), बायोस अपडेट, नवा पेनड्राइव्ह, दुसरा यूएसबी पोर्ट, रॅम काढून पुसून परत, सगळं एकदम. बहुतेक वेळा सुटतं.

खटपट्या

हिरवा_चाफा, सुटतं हे खरं, पण कशामुळे सुटलं ते कळत नाही. महिन्याने तेच परत आलं की पहिल्या पायरीपासून सुरुवात. चिंचबन यांच्या लेकीला समजून घ्यायचंय, तर एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा: काय बदललं, काय झालं. हे मी तरुण पोरांना कळकळीने सांगतो, कारण एकदा ही सवय लागली की पुढे कोणतंही मशीन माणसाला घाबरवत नाही.

आणि बायोस अपडेट आत्ता अजिबात नको. रॅमवर संशय असताना बायोस लिहायला घेणं धोक्याचं. लिहिलं जाणारं सगळं रॅममधूनच जातं. तिथे बिट पालटला तर बोर्डच निकामी होईल. बोर्डावर मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं (पीसी सुरू न करता पेनड्राइव्हवरून बायोस लिहिणारं) बटण असेल तर ती वाट सुरक्षित, पण तेही नंतर.

हिरवा_चाफा

पटलं. रॅम आणि बायोसचा हा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता. क्रम लिहून द्याल का?

सूक्ष्मदर्शक

देतो. पेनड्राइव्ह दुसरा घ्या, शक्यतो दुसऱ्या लॅपटॉपवर बनवा आणि कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागे थेट बोर्डावरच्या पोर्टला लावा. तरीही तसंच झालं तर बायोसमध्ये एक्सएमपी बंद करून पुन्हा प्रयत्न. पुढे काहीही होवो, रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवाच. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+, दोन्ही फुकट मिळतात आणि पेनड्राइव्हवरून थेट बूट होतात. प्लसवाला सुरू झाला नाही तर बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला सुरू होऊ न देणारी सेटिंग) तात्पुरतं बंद करा. ३२ जीबीच्या पूर्ण चाचणीला बराच वेळ जातो, रात्री लावून झोपलेलं बरं. एक जरी लाल ओळ आली तरी ती नापास. "दोनच तर चुका आहेत" असं रॅमच्या बाबतीत नसतं.

स्टिक कोणत्या खाचेत आहेत तेही बघा. चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी.

तारयंत्र

झिणझिण्यांबद्दल मी सांगतो, माझा धंदाच वायरिंगचा आहे. कृपया हे हसण्यावारी नेऊ नका.

एसएमपीएसच्या आत शिरतानाच एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून पत्र्याला जोडलेले असतात. भिंतीतलं अर्थिंग शाबूत असेल तर त्यातला गळका प्रवाह अर्थमधून निघून जातो. अर्थ तुटलेला असेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उभा राहतो. प्रवाह अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण याचा अर्थ असा की एसएमपीएसमध्ये उद्या खरंच काही बिघडलं तर वाचवायला अर्थ नाही. मॉनिटरची, यूएसबीची वायर लावता-काढताना बोर्डाच्या पोर्टलाही त्यातून धक्का बसू शकतो.

तीन पिनी एक्स्टेंशन बोर्ड आहे म्हणजे अर्थिंग आहे असं धरू नका. कित्येक स्वस्त बोर्डांत तिसरं भोक नुसतं दाखवायला असतं. वायरमनला बोलवा, सॉकेटपासून मीटरपर्यंत तपासून घ्या. तोवर आतल्या भागांना हात लावताना प्लग काढूनच.

चिंचबन

तारयंत्र दादा, संध्याकाळीच वायरमन काकांना बोलावलं. त्या खोलीतल्या सॉकेटला अर्थची वायर मागे आलेली होती, पण स्क्रूला लावलेलीच नव्हती. लावल्यावर झिणझिण्या गेल्या. फाइलींचा घोळ मात्र तसाच राहिला, म्हणजे दोन्हींचा संबंध नव्हता. तरी तुमच्यामुळे मोठं काम झालं, त्याच सॉकेटवर पूर्वी लेक अभ्यासाचा दिवा लावायची.

दुसरा पेनड्राइव्ह, मागचा पोर्ट: फरक नाही. एक्सएमपी चालू होतं, ६०००. रात्री मेमटेस्ट लावला, सकाळी स्क्रीनभर लाल ओळी. मग एक्सएमपी बंद केलं, रॅम ४८०० वर आली, पुन्हा मेमटेस्ट: एकही चूक नाही. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेतच आहेत. ४८०० वर विंडोजच्या फाइली पहिल्याच झटक्यात कॉपी झाल्या!

लोकलवाला

वा! लेकीला सांगा, पहिल्या सबमिशनच्या आधीच पाया तपासून झाला. :)

दूरदेशी

अभिनंदन. मग आता आहे तसंच चालू द्या. एक्सएमपी म्हणजे शेवटी ओव्हरक्लॉकच, ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. १४४०० साठी इंटेलने डीडीआर-५ चा अधिकृत वेग ४८०० च लिहिलाय. आर्किटेक्चरच्या कामात ४८०० आणि ६००० मधला फरक सहज जाणवणार नाही. मशीन स्थिर आहे, काम सुरू करा.

रानजाई

दूरदेशी, असहमत. खोक्यावर ६००० लिहून ६००० चे पैसे घेतलेत. सध्या रॅमचे भाव कुठे गेलेत बघा. डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि २०२५ च्या शेवटापासून डीडीआर-५ सामान्य माणसाच्या हाताबाहेर चाललीय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या नावाने ग्राहकांना विकणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. एवढे पैसे मोजून कमी वेगावर समाधान का मानायचं?

दूरदेशी

पैशाचा मुद्दा मान्य. माझं म्हणणं एवढंच की प्रोसेसर बनवणारा ४८०० ची हमी देतो आणि रॅम बनवणारा ६००० ची. मधे बोर्ड. तिघांपैकी दोष कुणाचा हे सिद्ध झाल्याशिवाय दुकानदार ऐकणार नाही.

सूक्ष्मदर्शक

सिद्ध करता येईल. चिंचबन, दोन स्टिक एकाच पाकिटात आल्या होत्या की वेगवेगळ्या? आणि एक्सएमपी चालू करून एकेक स्टिक एकटी, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लावून मेमटेस्ट चालवाल?

चिंचबन

वेगवेगळ्या पाकिटांत. दुकानदार म्हणाले दोनची जोडी शिल्लक नाही, त्याच मॉडेलच्या दोन सुट्या देतो. आता नीट बघितलं तर लेबलवरचं नाव तेच, पण खाली बारीक अक्षरातला व्हर्जन नंबर वेगळा आहे. चाचणी रात्री लावते.

दरम्यान विंडोजचं पुढे अडलंय. देश आणि कीबोर्ड निवडून झाला, आता "नेटवर्कला जोडा" म्हणतंय आणि वायफायची यादीच नाही. राउटर दिवाणखान्यात, लॅनची वायर पुरत नाही. पुढे जायचं बटणही दिसत नाही.

कोकणकडा

शिफ्ट आणि एफ-१० दाबा, काळी खिडकी येईल, तिथे बायपासची आज्ञा द्या, इंटरनेटशिवाय पुढे जाता येतं.

खटपट्या

ती पळवाट मायक्रोसॉफ्ट २०२५ पासून नव्या आवृत्त्यांतून काढत चाललंय, त्यामुळे आज चालली तरी तिच्यावर विसंबू नका. त्याहून सोपं आहे: अँड्रॉइड फोन यूएसबी वायरने पीसीला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, पीसीला तो फोन लॅनच्या वायरसारखा वाटतो. फोन वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जात नाही.

बोर्ड नवा आणि विंडोजची प्रत त्याच्या आधीची असली की वायफायचा किंवा अडीच गिगाबिट लॅनचा ड्रायव्हर तिच्यात नसणं अगदी नेहमीचं. बोर्डात काही बिघाड नाही. विंडोज आत शिरलं की बोर्डाच्या साइटवरून आधी चिपसेट, मग लॅन, वायफाय, ऑडिओ असे ड्रायव्हर घ्या.

पाटावरवंटा

घड्याळही बघा. नव्या बोर्डाची तारीख मागे असली तर इंटरनेट असूनही साइन-इन होत नाही, सुरक्षा प्रमाणपत्राचे निरोप येतात. बायोसमध्ये तारीख घाला. पीसी बंद केल्यावर ती पुन्हा मागे गेली तर सीआर-२०३२ सेल बदलायचा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

चिंचबन

फोनने काम झालं! डेस्कटॉप दिसला तेव्हा लेक खुर्चीतून उठून नाचली. वायफायचा ड्रायव्हर घेतला, आता फोनशिवाय चाललंय.

रॅमचा निकाल: पहिली स्टिक एकटी ६००० वर, शून्य चुका. दुसरी एकटी, तीही शून्य. दोन्ही एकत्र, लाल ओळी.

सूक्ष्मदर्शक

मग निदान झालं. दोन्ही स्टिक चांगल्या आहेत, जोडी चांगली नाही. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या, एसपीडीच्या टॅबवर प्रत्येक खाचेतल्या रॅमच्या आतली चिप कोणाची ते दिसेल.

चिंचबन

एकीवर सॅमसंग, दुसरीवर एसके हायनिक्स.

सूक्ष्मदर्शक

हेच. रॅमच्या स्टिकवर नाव छापणारे बहुतेक ब्रँड चिप स्वतः बनवत नाहीत, बाजारात मिळेल त्या कंपनीच्या घेतात. मॉडेलचं नाव तेच राहतं, आतला माल बदलतो, व्हर्जन नंबर बदलतो. ४८०० ला वेळेची सवड भरपूर असते म्हणून दोघी जुळतात. ६००० ला प्रत्येक सिग्नलला मिळणारा वेळ इतका कमी की दोन वेगळ्या स्वभावाच्या चिपना एकच गणित लागू पडत नाही. घाईत मजकूर सांगितला की लिहून घेणाऱ्याचं एखादं अक्षर सुटावं, तसं होतं. म्हणूनच कंपन्या जोडी म्हणून तपासलेली पाकिटं विकतात आणि सुट्या स्टिक एकत्र चालतील याची हमी देत नाहीत.

दुकानदाराला "रॅम खराब आहे" म्हणू नका, तो एकेक लावून दाखवेल आणि दोन्ही चालतील. "जोडीचं पाकीट द्या, फरक असेल तो देते" असं म्हणा आणि तिन्ही चाचण्यांचे फोटो दाखवा.

रानजाई

आणि पूर्ण पीसी न्यायची गरज नाही. दोन स्टिक पर्समध्ये मावतात. अँटिस्टॅटिक पाकीट नसेल तर त्या ज्या प्लास्टिकच्या खोक्यात आल्या त्यातच ठेवा.

अर्धविराम

सूक्ष्मदर्शक, आभार. १४४०० त्या यादीत नाही हे माहीत नव्हतं. माझ्या भावाकडे १४७००के आहे, त्याला आजच बायोस अपडेट करायला सांगतो.

सूक्ष्मदर्शक

नक्की सांगा. तो प्रोसेसर यादीत आहे. अपडेट करताना यूपीएस असू द्या, आणि पुण्यात राहत असेल तर गुरुवार सोडून करा. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि त्याआधी एक महत्त्वाचं, चिंचबन यांनाही: विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यानंतरची आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन-इन केलं की बहुतेक मशीनवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोस अपडेट केलं किंवा टीपीएमची (की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपची) सेटिंग हलली की चालू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या खात्यात ठेवलेली असते. आत्ताच खात्यात जाऊन ती बघा आणि कागदावर उतरवून कपाटात ठेवा. की नाही तर डेटा नाही, मग कुणीच काही करू शकत नाही. तिसऱ्या वर्षाचे सगळे ड्रॉइंग असे गेलेले मी पाहिलेत.

चिंचबन

उतरवून ठेवली. बँकेच्या पासबुकांबरोबर.

अवांतर विचारते. मी पतसंस्थेत हिशेब बघते, घरीही याच पीसीवर काही काम करेन. जुन्या लॅपटॉपवरची मराठी पत्रं इथे उघडली तर अक्षरं दिसतात पण पानं सरकलीत, एक पान आहे ते दीडवर गेलंय.

हिरवा_चाफा

याचं उत्तर माझ्याकडे आहे, कार्यालयात रोज हेच करते. तुमची पत्रं मंगल फॉन्टमधली असणार. कोऱ्या विंडोज १० किंवा ११ वर मंगल असतोच असं नाही, त्याच्या जागी निर्मला येतो आणि रुंदी वेगळी असल्याने पान हलतं. सेटिंगमध्ये भाषांत मराठी जोडा, त्याबरोबर देवनागरीचे जादाचे फॉन्ट उतरतात आणि त्यात मंगल आहे. नाही उतरले तर "ऑप्शनल फीचर्स"मध्ये देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधा.

टायपिंगला दोन पर्याय: इन्स्क्रिप्ट, आणि मे २०१९ च्या अपडेटपासून आलेला मराठी फोनेटिक. रोज बरंच लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट शिकाच, आठ-पंधरा दिवस बोटं अडखळतात, मग वेग येतो. लेकीला फोनेटिक सोपा जाईल. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते.

कोकणकडा

अवांतर वाढवतो: लायसन्सचं काय केलंत? ऑनलाइन चारपाचशे रुपयांत की मिळतात.

खटपट्या

त्या नादाला लागू नका. त्यातल्या बऱ्याच की कंपन्यांच्या घाऊक करारातल्या असतात, विकणाऱ्याला विकायचा अधिकारच नसतो, आणि कधीही रद्द होतात. अॅक्टिव्हेट न केलेलं विंडोजही चालतं, कोपऱ्यात ओळ दिसते आणि रंगरूप बदलता येत नाही, तोवर पैसे साठवून रीतसर घ्या. अभ्यासाची बरीच सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ईमेलवर मोफत मिळतात, ते मात्र जरूर विचारा.

चिंचबन

शनिवारी दोघी पुण्याला जाऊन आलो, फक्त स्टिक घेऊन. दुकानदारांनी फोटो नीट बघितले, लेकीने तिन्ही चाचण्या समजावून सांगितल्या. जोडीचं पाकीट त्यांच्याकडे आलं होतं, फरक घेऊन बदलून दिलं. भांडण नाही, काही नाही. आज रात्रभर ६००० वर मेमटेस्ट झाला, एकही चूक नाही.

आता विंडोज पुन्हा टाकावं लागेल का?

सूक्ष्मदर्शक

नाही. विंडोज ४८०० वर, चाचणी पास झालेल्या स्थितीत बसलंय. मनाच्या समाधानासाठी अॅडमिन म्हणून काळ्या खिडकीत एसएफसी, जागा, तिरकी रेघ, स्कॅननाऊ अशी आज्ञा चालवा. सिस्टिमच्या फाइली तपासून हवं तर दुरुस्त करेल.

रानजाई

मूळ प्रश्न होता दुकानात न्यावा की घरी शोधावं. दुकानात विंडोज टाकून देताना रात्रभर मेमटेस्ट कुणी लावला असता? त्यांनी एक्सएमपी बंद करून विंडोज टाकलं असतं आणि ६००० ची रॅम कायमची ४८०० वर चालली असती.

लोकलवाला

रानजाई, सगळेच दुकानदार तसे नसतात. लॅमिंग्टन रोडला मी जिथून घेतो ते गृहस्थ मशीन रात्रभर चाचणीवर ठेवून मगच देतात. ज्याला घरी वेळ नाही त्याने "मेमटेस्टचा फोटो द्या" असं सांगूनच मशीन ताब्यात घ्यावं.

झुंजूमुंजू

धागा वाचून धीर आला म्हणून इथेच विचारतो. माझं एएमडी रायझनचं एएम-५ (प्रोसेसरच्या सॉकेटचं नाव) मशीन, रॅम डीडीआर-५ जोडीचीच. पहिल्यांदा चालू केलं, पंखे फिरताहेत, स्क्रीन काळा, बोर्डावर डीरॅम लिहिलेला दिवा पेटलाय. दोनदा बटण दाबून बंद केलं, तेच. रॅम काढू का?

खटपट्या

अजिबात काढू नका, आणि बंदही करू नका. एएम-५ वर पहिल्या वेळी बोर्ड रॅमशी वेळा जुळवून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ स्क्रीन काळा आणि तो दिवा पेटलेला असतो. मधे बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. मॉनिटरची वायर बरोबर जागी आहे ना ते बघा, चालू करा आणि पंधरा मिनिटं हात लावू नका.

झुंजूमुंजू

आला! बायोस दिसतंय, रॅम पूर्ण ३२ जीबी. आता रात्री मेमटेस्ट लावतो, विंडोज उद्या.